दोन पिढ्यांचे रॉड

गेल्या रविवारी फोनवर धाकट्यानं आजोबांना विचारलं की सायकलची चेन सारखी उतरते, काय करू. आजोबा म्हणाले, "तुझ्या बाबाला विचार," आणि फोन माझ्या हातात देऊन ते गॅलरीत गेले. नंतर तुमच्या आईनं मला हळूच विचारलं, त्यांची तब्येत बरी आहे ना? तब्येत बरी आहे. साखर ताब्यात आहे, गुडघे वयाच्या मानानं ठीक आहेत. पण गेल्या वर्षीपर्यंत असा प्रश्न आला असता, तर त्यांनी धाकट्याला सायकल कॅमेऱ्यासमोर उलटी करायला लावली असती आणि तासभर फोन सोडला नसता. ते का बदललं हे तुमच्या बाबालाही नीट माहीत नाही. त्याला वाटतं, शेड विकायला त्यानं आजोबांना समजावलं. तसं नाही. काय झालं ते मी, तुमची आजी, तुम्हा दोघांना क्रमानं लिहिते.

आजोबांची शेड कोल्हापूरच्या उद्यमनगरात होती हे तुम्हाला आठवत असेल. तुम्ही एकदा आला होता तेव्हा थोरलीनं तिथल्या ऑइलच्या वासानं नाक धरलं होतं. चाळीस वर्षांहून जास्त त्यांनी तिथं इंजिनं उघडली, दुरुस्त केली आणि परत बांधली. एके काळी अकरा माणसं कामाला होती. शेवटी एकच मिस्त्री उरले. ते हातकणंगल्याहून सकाळच्या रेल्वेनं यायचे, साठीच्या पुढचे, आणि आजोबांइतकेच हट्टी. मोटारींची कामं केव्हाच कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरकडे गेली होती. आमच्याकडे यायचे ते ट्रॅक्टर, पंपाची जुनी डिझेल इंजिनं आणि गुऱ्हाळांवरची कामं. तीही कमी होत चालली होती.

शेजारची शेड एका पार्सल कंपनीच्या गोदामाला दिली होती आणि त्यांना आमचीही हवी होती. तुमचा बाबा दर आठवड्याला फोनवर तेच सांगायचा: द्या, आराम करा. आजोबा दर आठवड्याला म्हणायचे, बघू.

अशा वेळी राजारामपुरीतला एक मुलगा आला. मुलगा म्हणजे तिशीचा असेल, वडिलांचं कापडाचं दुकान बघतो. त्याच्याकडे एक वेगवान गाडी होती, टर्बो इंजिनवाली, म्हणजे इंजिनात पंख्यानं जास्त हवा कोंबणारी. सुट्टीच्या दिवशी ही मुलं मोकळ्या जागा गाठून गाड्यांच्या शर्यती लावतात. त्याला टर्बोचं प्रेशर वाढवून गाडी आणखी पळवायची होती. त्यासाठी इंजिन खोलून पुण्यात द्यायच्या विचारात तो होता, पण त्याच्या वडिलांनी सांगितलं, "आधी काकांना दाखव. आपल्या जुन्या जीपचं इंजिन त्यांनी बांधलेलं, अजून चालतंय."

"काका," तो म्हणाला, "आम्ही अशा गाड्यावाले दहा-बारा जण हाय कोल्हापुरात. सगळ्यांची इंजिनं पुण्याला जात्यात. तुमच्याकडं हे जमलं, तर कशाला कोण जाईल?"

आजोबा त्या दिवशी पानावरून लवकर उठले. हात धुताना म्हणाले, "हे इंजिन नीट झालं तर शेड राहील. नाही झालं तर देऊन टाकू. आपल्या पोराला फोनवर तसं सांग." मी तुमच्या बाबाला तसं सांगितलं. तो म्हणाला, ठीक आहे आई, एक इंजिन.

आता कनेक्टिंग रॉड म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. इंजिनात पिस्टन वरखाली होतो आणि खाली क्रँक गोल फिरतो. या दोघांना जोडणारा पोलादी दांडा म्हणजे कनेक्टिंग रॉड. टर्बोचं प्रेशर वाढवलं की सगळा मार या दांड्यावर येतो. तो वाकला किंवा मोडला तर इंजिन आतून फुटतं. दांड्याच्या खालच्या टोकाला मोठी कडी असते. ती क्रँकभोवती बसवायची म्हणून दोन तुकड्यांत असते. खालच्या अर्ध्या तुकड्याला कॅप म्हणतात आणि ती दोन बोल्टांनी आवळतात.

त्या मुलाच्या गाडीचं इंजिन नव्या पिढीचं होतं. त्याच इंजिनाची एक आधीची पिढी होती, पंधरा-वीस वर्षांपूर्वीची, आणि शर्यतवाल्या मुलांत समज असा की जुन्याचे रॉड जास्त दणकट. म्हणून त्यानं कुठूनतरी जुन्या इंजिनाचे चार रॉड मिळवले होते. लांबी दोन्हींची सारखीच. आपलं खोललेलं इंजिन, त्यातून काढून कॅप परत आवळलेले रॉड आणि हे जुने चार, असं सगळं घेऊन तो आला आणि म्हणाला, काका, यातले कुठले बसवू ते तुम्ही ठरवा.

मिस्त्रींनी जुना रॉड एका हातात घेतला, नवा दुसऱ्या. "पावणं, गाडी एवढी महाग, आन् रॉड असला? शेवग्याची शेंग हाय नव्हं ही!"

"मिस्त्री, आताचं सगळं हलकंच असतंय," तो मुलगा हसला.

"हलकं आन् पोकळ यात फरक हाय की."

आजोबांनी नवा रॉड बाकावर ठेवला तो जरा आपटूनच.

इथं माझा भाग येतो. आजोबांचं इंग्रजी दुकानातल्या बिलापुरतं. माझं शिक्षण इंग्रजीत झालेलं, म्हणून लग्न झाल्यापासून परदेशी यंत्रांची पुस्तकं मीच वाचून मराठीत सांगायची. त्या मुलानं इंजिनचं मॅन्युअल फोनवर पाठवलं. सहाशेच्या वर पानं होती. मी त्यातले इंजिनचे सात भाग राजारामपुरीत छापून आणले, भोकं पाडून फायलीत लावले, प्रत्येक भागाला रंगीत चिठ्ठी चिकटवली. एका वहीत दोन रकाने आखले: जुना रॉड, नवा रॉड. वजन, दांड्याची रुंदी, सर्वांत बारीक जागेची जाडी, बोल्टाचा व्यास. मिस्त्री मोजायचे, आजोबा पुन्हा मोजायचे, मी लिहायची. जुना नव्यापेक्षा शंभराहून जास्त ग्रॅमनी जड निघाला. त्याचा मधला दांडाही जाड होता. प्रत्येक ओळीत जुना पुढे होता.

रोज दुपारी चार ते पाच मी एक भाग वाचून दाखवायची. मिस्त्री चहाचा कप घेऊन डब्यावर बसायचे. पहिल्या दिवशी इंजिन उघडण्याचे दोन छोटे भाग एकदम, दुसऱ्या दिवशी सिलिंडर, तिसऱ्या दिवशी ऑइलपंप. मी शाळेतल्या बाईंसारखी वाचायची. मधेच कुणी बोललं की थांबायची.

तिसऱ्या दिवशी, बुधवारी, आजोबा म्हणाले, "अगं, ऑइलपंप ऱ्हाऊ दे. रॉडचं काय लिवलंय ते बघ की आधी."

मी म्हणाले, "ते सातव्या भागात आहे. क्रमानं जाऊ. मधलं सुटलं की घोटाळे होतात."

"उद्या आम्ही रॉडच धरणार हाय."

"मग उद्या पाचवा वाचते आणि परवा सहावा. शनिवारी सातवा."

मिस्त्री म्हणाले, "मालक, वैनीचा वर्ग हाय. पुढल्या बाकावर बसा गप."

सगळे हसले. मीही हसले. मी त्या दिवशी फाइल उलटून फक्त सातव्या भागाच्या निळ्या चिठ्ठीचं पान काढलं असतं, तर पाच मिनिटं लागली असती.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, मिस्त्रींनी नव्या रॉडच्या कॅप काढल्या. बोल्ट सुटले तरी कॅप सुटेना, लाकडी हातोडीनं हलकं ठोकावं लागलं. सुटली तेव्हा मिस्त्री ओरडले, "मालक, ह्यो मोडलाय!"

कॅपचं तोंड आणि रॉडचं तोंड, जिथं दोन तुकडे एकमेकांवर बसतात, तिथं गुळगुळीत काहीच नव्हतं. गुळाची ढेप फोडल्यावर दिसतं तसं खडबडीत, रवाळ. जुन्या रॉडचं तेच तोंड आरशासारखं होतं. मिस्त्रींनी दुसऱ्या रॉडची कॅप काढली. तीही तशीच. मग तिसरी, चौथी.

"चारी एकसारखे कसं मोडलं?" मिस्त्री म्हणाले. "मालक, इचारूया का त्या पोराला?"

"त्याला काय कळतंय? मोडलेलं न्हाय हे. फिनिशिंगच केलं न्हाय कंपनीनं. झटक्यात तोडलं आन् दिलं बसवून. वेळ कुणाला हाय आता?" आजोबांनी कॅप उजेडात धरली. मला आठवतं, त्यांना राग आला होता, पण त्या रागात एक समाधानही होतं. आताची माणसं काम कसं करतात याचा हा पुरावा त्यांच्या हातात होता.

आमच्या शेडचा एक नियम होता. धातूवर धातू बसणार असेल, तर दोन्ही तोंडं सपाट करूनच बसवायची. ओतीव लोखंडाची एक जाड सपाट प्लेट होती. तिच्यावर निळा रंग लावायचा, तोंड त्यावर फिरवायचं, रंग जिथं लागेल तो उंचवटा घासायचा, पुन्हा फिरवायचं. सगळीकडे सारखा निळा उठेपर्यंत. कॅप थोडी घासली जाते, म्हणून नंतर मोठी कडी लेथवर पुन्हा गोल करून घ्यायची. आजोबांनी आयुष्यभर शेकडो रॉड असे केले. त्यात वावगं काहीच नव्हतं. शिकाऊ पोरं पहिली दोन वर्षं फक्त हेच शिकायची. आजोबांकडून कॅप घासून घ्यायला लोक सांगलीहून यायचे.

ते काम त्यांनी मिस्त्रींना दिलं नाही. गुरुवार आणि शुक्रवार दोन्ही दिवस ते स्वतः बसले. मुलानं ते मागितलं नव्हतं. आजोबा म्हणाले, "ते जुने रॉड जड हायेत, पळवायला हेच बरे. पण असे न्हाय द्यायचे. आपल्याकडनं गेलं म्हणजे नीट गेलं पाहिजे." शुक्रवारी संध्याकाळी आठही तोंडांवर सारखा निळा उठला होता. त्यांनी मला बोलावून दाखवलं. मी म्हणाले, किती सुंदर झालंय. ते खरंच सुंदर झालं होतं.

शनिवारी चार वाजता मी सातवा भाग उघडला. पहिल्या पानावर एका चौकटीत ठळक अक्षरांत सूचना होती. मी सवयीनं आधी मनात वाचते आणि मग मराठीत सांगते. ती मी मनात वाचली आणि पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचू लागले.

"काय झालं?" आजोबा म्हणाले.

मग मी सांगितलं. त्यात लिहिलं होतं की हे रॉड अखंड बनवून नंतर मुद्दाम झटक्यानं तोडलेले असतात. तुटलेली खडबडीत तोंडंच एकमेकांत अचूक बसतात. गुळाचा खडा फोडला तर त्याचे दोन तुकडे फक्त एकमेकांतच बसतात, तसं. बोल्ट कॅप फक्त आवळतात; तिला बाजूला सरकू न देणारं दुसरं काही त्या रॉडात नाही. ही तोंडं कधीही घासू नयेत. घासली तर रॉड फेकून द्यावा.

मिस्त्रींनी चहाचा कप खाली ठेवला. आजोबांनी मला ते वाक्य इंग्रजीत वाचायला सांगितलं. त्यांना ते कळणार नव्हतं तरीही मी वाचलं. ते म्हणाले, "आन् परत एकदा."

मग ते उठले, एक कॅप रॉडवर ठेवली आणि बोटानं ढकलली. ती सरकली, काचेवर काच सरकते तशी. गुरुवारी हातोडीनं ठोकल्याशिवाय ती निघत नव्हती.

मिस्त्री म्हणाले, "पिन घालूया मालक. दोन बारकी भोकं पाडून डॉवेल पिन बसवू. धरंल की."

"ह्या पातळ अंगात? भोक पाडलं की तिथनंच जाईल. दुसऱ्याच्या पोराच्या जिवाशी खेळ न्हाय करायचा."

मिस्त्रींनी चारही कॅप फडक्यात गुंडाळून ठेवल्या.

मुलाला सोमवारी बोलावलं. आजोबांनी काही न लपवता सगळं सांगितलं. मला वाटत होतं तो चिडेल. तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं घासलेलं तोंड पाहिलं, बोट फिरवलं आणि म्हणाला, "हे तोडलेले रॉड हायेत हे मला ठाऊक होतं काका. व्हिडिओत बघितलं होतं. पण तुम्हाला काय सांगायचं? मला वाटलं, तुम्हाला माहीतच असणार."

"सांगायचं होतंस की रं," मिस्त्री म्हणाले.

"एवढ्या मोठ्या माणसाला कसं सांगू मिस्त्री?" तो खरोखरच ओशाळला होता. "जाऊ दे काका. मी बाहेरून नवीनच मागवतो, शर्यतीचे. इंजिन आता पुण्यालाच देतो, त्यांच्याकडं ते बसवत्यात. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

आजोबा भरपाईचं बोलले, त्यानं ऐकून घेतलं नाही. मग आजोबा म्हणाले, "तू विचारलं होतंस, कुठला दणकट. ते तरी सांगतो. जुन्यातला एक देतोस का?"

"चारी घ्या की. मला आता कशाला?"

शेडमध्ये हातानं दाब द्यायचा हायड्रॉलिक प्रेस होता, वर दाब दाखवणारा काटा. आजोबांनी जुना रॉड उभा धरला, दोन्ही टोकांना आधार दिला, पुढं पत्रा आडवा लावला आणि आम्हाला मागं उभं केलं. मिस्त्री प्रेसचा दांडा वरखाली मारू लागले. काटा सरकत गेला. मग एका जागी अडखळला आणि मागं आला. रॉड मधोमध वाकला होता, फार नाही, पण डोळ्यांना दिसत होता. आजोबांनी आकडा मोठ्यानं सांगितला. मी वहीत लिहिला.

मग नवा. आपण घासलेलाच, बोल्ट आवळून. या चाचणीत कॅपवर ओढ येत नाही, फक्त दांडा दबतो, म्हणून घासल्यानं फरक पडत नव्हता. काटा जुन्याच्या आकड्यावर आला आणि पुढं गेला. मिस्त्री थांबून आजोबांकडे बघू लागले.

"मार," आजोबा म्हणाले.

मिस्त्री मारत राहिले. त्यांच्या मानेवरच्या शिरा ताठल्या. काटा आणखी बराच पुढं गेल्यावर तो रॉड वाकला.

प्रेसमधली ही परीक्षा म्हणजे इंजिनातली परीक्षा नव्हे. इंजिनात रॉड मिनिटाला हजारो वेळा ओढला आणि दाबला जातो. आणि जुना रॉड आधी किती धावला होता कोण जाणे. हे मी तेव्हाही बोलले. कुणी ऐकलं नाही आणि त्याचा उपयोगही नव्हता. वहीतली सगळी मापं जुन्याच्या बाजूनं होती, आणि पोलाद नव्याच्या बाजूनं होतं. मिस्त्रींनी ज्याला शेंग म्हटलं, तो दोघांतला दणकट होता. आणि असे चार दणकट रॉड आजोबांनी दोन दिवस बसून आपल्या सर्वांत चांगल्या हातानं निकामी केले होते.

"लिवलंस?" त्यांनी मला विचारलं.

"लिहिलं."

"हं," म्हणाले, आणि कापसाच्या बोळ्यानं हात पुसत राहिले. हात स्वच्छ होते तरी.

मुलगा इंजिनाचे भाग प्लास्टिकच्या क्रेटमधून घेऊन गेला. जाताना आजोबांच्या पाया पडला. तो पाया पडला तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. त्या आठवड्यात तुमच्या बाबाचा फोन आला तेव्हा त्याला बोलायची वेळच आली नाही. आजोबांनीच सांगितलं, गोदामवाल्यांना होय म्हणून कळव. त्याला वाटलं, इतक्या वर्षांनी बाबांना आपलं पटलं. तो किती आनंदला होता ते मला ऐकू येत होतं, म्हणून मीही त्याचा समज तसाच राहू दिला. मिस्त्री शेवटच्या दिवशी येऊन आपला डबा आणि चपला घेऊन गेले. ते आता घरच्या दोन म्हशींचं बघतात. कधीमधी फोन करतात, पावसाबद्दल बोलतात.

तेव्हापासून आजोबा कशालाच हात लावत नाहीत. नळ गळला तर प्लंबरला बोलावतात आणि तो काम करत असताना आतल्या खोलीत जाऊन बसतात. मी आधी बरेच दिवस भांडले. मग डॉक्टरांशी बोलले. त्यांनी फिरायला जायला सांगितलं. आजोबा फिरायला जातात, वेळेवर परत येतात.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. त्यांनी तिसऱ्या दिवशी मला रॉडचं पान आधी बघ म्हटलं होतं आणि मी क्रम मोडला नाही. मिस्त्रींनाही ते आठवत असणार, पण ते कधी बोलले नाहीत. आजोबांनी एकदाही त्याचा उल्लेख केला नाही, तुमच्या बाबाजवळ नाही, माझ्याजवळही नाही. ते बोलत नाहीत म्हणूनच ते माझ्या डोक्यातून जाईना. रविवारी तुमचा फोन झाल्यावर मी गॅलरीत गेले आणि म्हणाले, "अहो, त्या बुधवारी मी सातवा भाग काढला असता तर..."

ते रस्त्याकडे बघत होते. मग म्हणाले, "तू वाचलं असतंस तरी मी घासलं असतं."

"असं कसं? स्पष्ट लिहिलं होतं."

"लिवलेलं असू दे. तुटक्यावर तुटकं बसवायला माझा हात गेला नसता. मी म्हटलं असतं, पुस्तकवाल्याला काय कळतंय." ते कठड्याला टेकले. "तेच सारखं मनात येतंय. चुकून न्हाय झालं ते."

मला बरं वाटावं म्हणून ते असं बोलले, की ते खरं आहे, हे मला अजून कळलेलं नाही. खरं असेल तर माझ्यावरचं ओझं उतरतं, पण मग, माहीत नव्हतं म्हणून झालं, एवढा आधारही त्यांच्यासाठी मागे उरत नाही. मग ते म्हणाले, "दूध आलं का बघ." मी दार उघडून पाहिलं. आलं नव्हतं.